मुंबई सागरी द्रोणी : खनिज तेल व वायूच्या क्षमतेचे मूल्यमापन

महाराष्ट्र व दक्षिण गुजरात यांच्या किनाऱ्यालगतच्या खंड-फळीखालील, गाळाने भरत गेलेला खोलगट प्रदेश. किनाऱ्यापासून २०० मी. खोलीच्या समुद्रतळापर्यंत या द्रोणीचे क्षेत्रफळ सु. १,१६,००० चौ. किमी. असून गाळाची जाडी सु. १,१०० ते ५,००० मी. आहे. हा गाळ मुख्यत्वे गेल्या सु. ६.५ कोटी वर्षांत साचलेला असल्याने भूवैज्ञानिक दृष्ट्या ही द्रोणी तरुण होय.

द्रोणीच्या बऱ्याच भागाचा तळ दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचा आहे. हेच खडक जमिनीवर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात उघडे दिसतात. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (१०६०) याच काळ्या दगडाचे आहे. पनवेलजवळून साधारणपणे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाकापासून लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे कलत जातात व समुद्राखाली गाळाने झाकले जातात. बेसाल्ट लाव्हा थिजून बनलेला असल्याने त्यात तेलजनक जैव पदार्थ नसतो. म्हणून उल्हास खोऱ्यातील बेसाल्ट तेल निर्माण करीत नाही. त्याखाली जुना गाळ कोठे असल्यास तो शोधणेही कठीण असते, कारण भूकंपीय तरंग बेसाल्टात विखुरतात.

क्षमता ठरविताना पुढील गोष्टी एकत्र आढळाव्या लागतात : जैव पदार्थयुक्त उद्‌गम खडक, त्यास पुरेशी उष्णता, तेल साठविणारा सच्छिद्र व पार्य खडक आणि वर अपार्य आच्छादन असलेला सापळा. मुंबई द्रोणीत पॅलिओसीन ते पूर्व इओसीन काळातील शेल व कोळसायुक्त थर उद्‌गम खडक मानले जातात. चुनखडकात तेल व वायू साठतात आणि शेलचे थर आच्छादनाचे काम करतात.

तरुण द्रोणीत मुख्य प्रश्न उष्णतेचा असतो. तेल साधारणपणे ६०° ते १५०° से. तापमानाच्या पट्ट्यात तयार होते. पृष्ठतापमान २५° से. व तापमानवाढ दर किमी.ला ३०° से. धरल्यास १००° से. तापमान २.५ किमी. खोलीवर येते, वाढ ४५° से. असल्यास ते सु. १.७ किमी.वरच येते. या द्रोणीतील तापमानवाढ सरासरीपेक्षा जास्त असल्याने अल्प वयाची उणीव भरून निघाली. शिवाय सापळा तेल बाहेर पडण्यापूर्वी तयार झालेला असावा लागतो. नंतर झालेला सापळा रिकामा राहतो.

भूकंपीय सर्वेक्षणात १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या वायव्येस सु. १६० किमी. अंतरावर एक मोठी घुमटासारखी रचना आढळली. तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या वेधन मंचाने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. येथील मुख्य तेलसाठा मायोसीन काळातील चुनखडकात असून, ते तेल भोवतालच्या खोल भागांतून स्थलांतरित झाले असे मानले जाते. त्याच वर्षी वसई क्षेत्रात इओसीन चुनखडकातील वायूचा शोध लागला.

वेधनापूर्वीचे अनुमान संभाव्यतेच्या भाषेत मांडतात. उदा., चार अटींची संभाव्यता अनुक्रमे ०.८, ०.८, ०.७ व ०.५ मानल्यास एकत्रित संभाव्यता सु. ०.२२ येते, म्हणजे पाचपैकी जवळजवळ चार विहिरी कोरड्या निघू शकतात. एकही अट शून्य असल्यास इतर कितीही अनुकूल असोत, गुणाकार शून्यच येतो. साठ्याचे परिमाण क्षेत्रफळ, जाडी, सच्छिद्रता व छिद्रांतील तेलाचा अंश यांच्या गुणाकारावरून काढतात, आणि त्यातील काही भागच बाहेर काढता येतो. यामुळे अनुमानित क्षमता, खडकातील तेल व काढता येण्याजोगा साठा हे तीन आकडे परस्परांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असते.