स्कूबाला निघालात? तिकिटाआधी तिथी पाहा

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममध्ये राहून स्कूबा शिकायचं तर सुरुवात स्विमिंग पूलमध्येच होते. मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर पुन्हा पकडणं, हे सगळं तिथे छान जमतं. पण पूलचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं मात्र सतत वाहत असतं. बोटीतून उतरलात तर बोट तुमच्या मागे येऊ शकते. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलात, तर परतही स्वतःच्याच पायांच्या बळावर यावं लागतं. म्हणून अशा डाइव्हची वेळ आधी ठरवा, विमानाचं तिकीट नंतर काढा.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. दशमी असेल तर १० चे पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, पक्की वेळ स्थानिक वेळापत्रकातूनच घ्या. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं होतं. नवशिक्यांनी हीच वेळ साधायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याची ओढ जास्त. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी. सुट्टी नेमकी पौर्णिमेला जोडून येत असेल, तर त्या दिवशी मालवणी जेवणावर ताव मारा, डाइव्ह पुढे ढकला.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं पाणी तिथून बाहेर धावतं. जागा देखणी आहे, पण नवशिक्यांनी तिथे पाण्यात उतरू नये. अंदमानात हॅवलॉकच्या, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपच्या, निमो रीफवर किनाऱ्यावरून उतरता येतं. मात्र पाऊणपटीचं गणित तिथे चालत नाही.

पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत बसा. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एखादा शांत, गढूळ पट्टा दिसला तर फसू नका, पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. एखादं पान तरंगताना पाहा. मिनिटाभरात ते १५ मीटर सरकलं, तर वेग जवळपास अर्धा नॉट आहे. पहिल्या काही डाइव्हसाठी एवढाही प्रवाह मी जास्तच मानेन.

जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेले असताना पाणीच तुम्हाला परत आणेल. टाकीतली एक तृतीयांश हवा संपली की वळा, उरलेली परतीसाठी आणि अडचणीसाठी. बाहेर पडायची दुसरी जागाही आधीच हेरून ठेवा, तीही प्रवाहाच्या दिशेला. सोबत तो किनारा ओळखणारा इन्स्ट्रक्टर हवाच. त्याने "आज नको" म्हटलं तर भरलेल्या पैशांचा विषय काढू नका.

आणि परतीचं विमान? अनेक डाइव्ह केल्या असतील तर शेवटची डाइव्ह आणि उड्डाण यात किमान १८ तास जाऊ द्या. रविवारी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी दिल्ली, हा बेत करू नका. सोमवारचीही रजा टाका.