घोळभाजीच्या आश्रयाने राहणारे फुलपाखरू

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. या काळात भिक्खू एके ठिकाणी निवास करतात. पावसाळ्यात कोवळे गवत आणि त्यातील लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हे या नियमामागील कारण विनयपिटकात सांगितलेले आहे. वसतिगृहातील मुलांना आम्ही हे सांगतो तेव्हा, "ते लहान जीव कोणते, सर?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे एक उत्तर शाळेच्या आवारातच उडत असते. कारण वर्षावासाचे महिने हे विदर्भात फुलपाखरांच्या बहराचेही महिने आहेत.

नागपूर म्हटले की ऊन आणि संत्री आठवतात. येथील फुलपाखरांची नोंद मात्र बरीच जुनी आहे. आपण ज्याला अजब बंगला म्हणतो, त्या 1863 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या प्रकाशनमालेत ई. ए. डि'ॲब्रू यांनी 1931 साली तत्कालीन मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. तीत 177 प्रजाती होत्या. पुढे डॉ. आशिष टिपले आणि डॉ. अरुण खुराद यांनी नागपूर शहर व परिसराचा अभ्यास करून 2009 साली 145 प्रजातींची नोंद प्रसिद्ध केली, तर 2011 साली डॉ. टिपले यांनी संपूर्ण विदर्भासाठी 167 प्रजाती नोंदविल्या. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, अंबाझरी ही आपल्या नित्य परिचयाची ठिकाणे या दृष्टीने समृद्ध आहेत.

या सर्वांतील एकाच फुलपाखराची ओळख येथे करून द्यावी असे आम्हास वाटते. त्याचे नाव डॅनाइड एगफ्लाय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला दीर्घकाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, स्थान दिले होते. याचा नर गर्द काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट निळ्या कडेचे पांढरे ठिपके असतात. तो एकदा पाहिला की विसरत नाही. मादी मात्र समोर असूनही ओळखू येत नाही, कारण ती प्लेन टायगर या अगदी सर्वत्र आढळणाऱ्या नारिंगी फुलपाखराचे रूप घेऊन वावरते.

या सोंगामागे कारण आहे. प्लेन टायगरच्या अळ्या रुईची पाने खातात. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये त्यांच्या शरीरात साठतात आणि पुढे फुलपाखरातही राहतात. असे फुलपाखरू एकदा चोचीत धरलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायची मादी स्वतः विषारी नाही. पण रंग तोच असल्यामुळे तिलाही अभय मिळते. दोघींतील फरक मागच्या पंखावर शोधावा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीच्या त्या पंखावर पुढच्या कडेला एकच काळा ठिपका असतो. आमच्या विद्यार्थ्यांनी शेकडो नारिंगी फुलपाखरे पाहिली, तेव्हा कुठे एकदा हा एकच ठिपका दिसला. त्या दिवशीचा आनंद परीक्षेच्या निकालाहून कमी नव्हता.

ही मादी अंडी कोठे घालते? घोळभाजीवर. पावसाळ्यात बांधावर, अंगणात, भिंतीच्या कडेला आपोआप उगवणारी, आपल्या आजी-आईने वेचून आणलेली, डाळ घालून शिजवलेली हीच ती घोळ. कायद्याने वाघाशेजारी बसविलेला जीव गरिबाच्या रानभाजीवर वाढतो, हे कळल्यापासून मुले घोळ उपटण्यापूर्वी तिची पाने उलटून पाहू लागली आहेत.

फुलपाखरे पाहण्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. पावसाची उघडीप असलेल्या दिवशी सकाळी आठ ते अकरा ही वेळ उत्तम. त्या वेळी ती पंख पसरून ऊन घेत असतात. कंबरमोडी आणि घाणेरीच्या फुलांपाशी, तसेच ओल्या मातीपाशी थांबावे. तेथे नर क्षार शोषण्यासाठी जमतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये, हळू जावे. पंखांची वरची व खालची, अशा दोन्ही बाजू पाहाव्यात आणि वहीत दिनांक, वेळ, जागा व वनस्पती लिहावी. जुन्या काळी जाळी आणि टाचणी यांशिवाय हा अभ्यास होत नसे. पंचशीलातील पहिले शील दररोज म्हणणाऱ्या आमच्या मुलांना डोळे आणि वही पुरेशी आहे.

परंतु केवळ पाहणे आणि न मारणे पुरेसे नसते, हे इंग्लंडच्या अनुभवावरून शिकण्यासारखे आहे. तेथील लार्ज ब्लू हे दुर्मीळ निळे फुलपाखरू संग्राहकांपासून वाचावे म्हणून काही ठिकाणी कुंपणे घातली गेली. तरीही ते घटतच गेले आणि 1979 साली त्या देशातून नाहीसे झाले. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने शोधलेले कारण विलक्षण होते. या फुलपाखराची अळी काही आठवडे रानटी थाइमच्या झुडपाची फुले खाते आणि नंतर लाल मुंग्यांच्या वारुळात राहून वाढते. त्या विशिष्ट मुंग्यांना आखूड गवताची उबदार जमीन लागते. कुंपणामुळे गुरे चरायची थांबली, रोगाने ससे मेले, गवत वाढले, जमीन थंड झाली, मुंग्या गेल्या आणि त्यांच्यामागे फुलपाखरूही गेले. 1983 पासून स्वीडनमधून आणलेल्या अळ्या सोडून, चराई पुन्हा सुरू करून ते परत वसविण्यात आले. आज तेथील लोक उन्हाळ्यात टेकड्या चढून ते पाहावयास जातात.

प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आमचे विद्यार्थी धम्मवर्गात पाठ करतात. कारणे जुळली की वस्तू उद्भवते, कारणे सरली की ती लोपते. त्याचे याहून सोपे उदाहरण आम्हास आढळलेले नाही.

आणि येथे आमचीच एक चूक आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. एका वर्षी कार्यक्रमाच्या तयारीत आम्ही मागच्या भिंतीलगतची सारी घोळ आणि रुई 'कचरा' म्हणून समूळ काढली. आवार स्वच्छ झाल्याबद्दल कौतुकही झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात वहीतील त्या जागेची पाने कोरी राहिली. पुढच्या वर्षी आम्ही ती पट्टी जशीच्या तशी सोडली. घोळ आपणहून उगवली, पाठोपाठ रुई फुटली आणि भाद्रपदात एका सकाळी काळा, निळसर ठिपक्यांचा नर भिंतीवर येऊन बसला.

शाळेचे माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्या दातृत्वावर हे आवार उभे आहे. पुढील काळात येथे फरसबंदी व हिरवळ करण्याच्या सूचना येत आहेत आणि त्यांमागील प्रेम आम्ही जाणतो. आमची विनंती एवढीच, की मागच्या भिंतीची ती पट्टी तशीच राहू द्यावी, आणि आपापल्या अंगणातही हातभर जागा घोळीसाठी सोडावी. वर्षावासाच्या काळात एखाद्या सकाळी मुलाबाळांसह शाळेत यावे. वही आम्ही देऊ. एकच ठिपका असलेली नारिंगी मादी कोणास प्रथम दिसते, ते पाहू.