नवी मोटारसायकल बंद पडूं लागल्यास

कर्जाचे हप्ते फिटलेले नसतां नवी मोटारसायकल ऐन पेरणींत वाटेवर बंद पडूं लागली, म्हणजे शेतकऱ्याची दुहेरी हानि होते. अशा वेळीं प्रथम दोषाची जागा ओळखावी, असें आम्ही सुचवितों.

गाडीबरोबर दिवेही गेले, तर बॅटरीचीं टोकें सैल असण्याचा किंवा फ्यूज उडाल्याचा संभव असतो. टाकीचें झांकण उघडतांच गाडी पुन्हां चालूं लागली, तर झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें असावें. गिअर टाकतांच बंद पडल्यास बाजूच्या स्टँडचा स्विच पाहावा. धुळीच्या रस्त्यानें एअर फिल्टर कोंदतो, हेंही विसरूं नये. मात्र इंजिनाचा इशारादर्शक दिवा पेटत असेल, तर घरीं खोलाखोल करूं नये. वॉरंटी नाकारण्यास तें निमित्त होतें.

दुरुस्तीस देतांना दरवेळीं तक्रार जॉब कार्डावर लिहवून घ्यावी व प्रत जपावी. दोष न गेल्यास विक्रेता व कारखानदार या दोघांसही लेखी कळवावें. तरीही दाद न लागल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपण राहतों त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. वकीलही सक्तीचा नाहीं. दुरुस्ती, बदली गाडी, किंमत परत किंवा भरपाई असा हुकूम आयोग देऊं शकतो. परंतु दोष मूळ घडणींतलाच आहे हें सिद्ध झाल्यावांचून गाडी बदलून मिळणें कठीण. आणि तें सिद्ध करण्यास जपून ठेवलेले कागदच उपयोगीं पडतात.