दोरीचा खेळ आणि त्याचीं प्रमाणें

गारुडी दोरी आकाशांत फेंकतो, ती अधांतरीं ताठ राहते, पोरगा तिच्यावर चढून दिसेनासा होतो, मग त्याचे तुटलेले अवयव खालीं पडतात व पुन्हां सांधले जातात, हा खेळ भारतीय जादूविद्येचा मुकुटमणि म्हणून जगभर सांगितला जातो. आपल्याकडील अभिमानी लोक शंकराचार्यांची साक्ष काढून तो हजार वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष होत असे, असें म्हणतात; उलट पक्षीं तो सर्वस्वीं एका अमेरिकन वृत्तपत्राची करणी, असें सांगणारेही आहेत. दोन्ही पक्ष प्रमाणांच्या पुढें धांवतात, असें आमचें मत आहे.

शंकराचार्यांचा काळ सामान्यतः इ. स. च्या आठव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. ब्रह्मसूत्रांतील १.१.१७ या सूत्रावरील त्यांच्या भाष्यांत, ढाल-तलवार घेऊन सूत्राच्या आधारें आकाशांत चढणाऱ्या मायावीचा दृष्टांत आहे. मांडूक्यकारिकांवरील भाष्यांत (तें आचार्यांचेंच कीं काय, याविषयीं मतभेद आहे) हेंच चित्र विस्तारानें येतें; तेथें मायावी दृष्टिआड होऊन युद्धांत खंडशः पडतो व पुन्हां उठतो. म्हणजे अवयव पडण्याचा भागही जुनाच. आतां दृष्टांत म्हणजे काय? ज्याविषयीं सामान्य लोकांची व परीक्षकांची बुद्धि सारखी चालते तो, असें न्यायसूत्रांत लक्षण केलें आहे. तेव्हां हें चित्र श्रोत्यांस परिचित होतें, एवढें सिद्ध होतें. परंतु परिचित तें सर्व पाहिलेलेंच असतें असें नाहीं. आकाशपुष्प प्रत्येक शास्त्रार्थांत येतें, तें कोणी खुडलेलें नाहीं! शिवाय वर चढणारा दिसतो तो मिथ्या, खरा मायावी भूमीवरच उभा आहे, हें सांगण्यासाठींच आचार्यांनीं तो दृष्टांत योजला. ज्यांस साक्षीदार म्हणून बोलवावयाचें, त्यांचीच साक्ष अशी आहे.

हर्षाच्या रत्नावलींतील ऐंद्रजालिक मोरपिसांचा कुंचा फिरवून राजाला आकाशांत देव दाखवितो आणि अंतःपुरास आग लागल्याचा भास उत्पन्न करितो. दोरीचें मात्र तेथें नांव नाहीं.

जहांगीराच्या आत्मचरित्रांत बंगाली जादूगारांनीं आकाशांत साखळी फेंकली व तिच्यावरून कुत्रा, वाघ आदि पशु चढून अदृश्य झाले, असा मजकूर असल्याचें वारंवार छापलें जातें. तो मजकूर प्राइस यांनीं १८२९ मध्यें भाषांतरिलेल्या प्रतींतला, आणि ती प्रत अस्सल नव्हे. त्यावर भिस्त ठेवणें इतिहासज्ञास शोभत नाहीं.

इब्न बतूताची साक्ष अधिक मोलाची. त्यानें वादीचा खेळ डोळ्यांनीं पाहिल्याचें लिहिलें आहे, पण तो हिंदुस्थानांत नव्हे, चीनमधील हांगचौ शहरीं, चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. मुलगा वर गेला, अवयव पडले, जुळले, मुलगा उठला. आणि आमच्या प्रवाशाला धडकी भरली. तेव्हां जवळ बसलेल्या काजीनें सांगितलें कीं, कोणी चढलें नाहीं, उतरलें नाहीं, कापलेंही गेलें नाहीं. ही सारी नजरबंदी. शांकरभाष्याचें व या काजीचें मत किती जुळतें, हें वाचकांनीं पाहावें.

राहिलें वृत्तपत्र. ऑगस्ट १८९० मध्यें शिकागो ट्रिब्यूननें दोन अमेरिकन प्रवाशांची हकीकत छापली. एकानें चित्र काढलें, दुसऱ्यानें छायाचित्र घेतलें. चित्रांत दोरी व मुलगा दिसे, छायाचित्रांत दोन्ही नाहींत. म्हणून हें सामुदायिक संमोहन! चार महिन्यांनीं पत्रानेंच ती हकीकत कल्पित असल्याचें कबूल केलें. लेखक जॉन विल्की. तोच पुढें १८९८ मध्यें अमेरिकेच्या गुप्त सेवेचा प्रमुख झाला, हें जातां जातां. कबुली थोड्यांनीं वाचली, हकीकत मात्र देशोदेशीं पसरली. आधुनिक प्रसिद्धि विल्कीची, हें पीटर लॅमंट यांचें २००४ च्या ग्रंथांतील प्रतिपादन आम्हांस मान्य आहे. कथेचें बीज मात्र त्याच्या जन्माच्या हजार वर्षें आधीं भाष्यांत पेरलेलें आहे.

१९३४ मध्यें लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेनें हा खेळ करून दाखविणारास ५०० गिनींचें बक्षीस लाविलें. तें कोणासही द्यावें लागलें नाहीं.