मेंदूला मार : लेखांक ५ – ‘हे आमचे हे नाहीत’

मागच्या आठवड्यात विसरण्याबद्दल लिहिलं. आजचा विषय घरच्यांना त्याहून जड जातो.

मोटारसायकलवरून पडलेले एक गृहस्थ. टाके निघाले, चालू-बोलू लागले, घरी आले. तीन महिन्यांनी त्यांच्या पत्नी ओपीडीत हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘डॉक्टर, हे आमचे हे नाहीत हो.’ आदल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली, टीव्ही चालू होता, मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. तेवढ्यात बाईंनी विचारलं, ‘भाजी वाढू?’ ताट भिंतीवर आदळलं. पाच मिनिटांनी गृहस्थ ढसाढसा रडत होते. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी.

हादरा बसला की मेंदू कवटीच्या आत पुढे-मागे हेलकावतो. कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांखाली कवटीचा तळ खडबडीत, हाडांच्या कडांचा असतो. मेंदू तिथेच घासतो, चेचतो. रागाला लगाम घालायचं, चार आवाजांतून एक निवडायचं काम याच भागांकडे. शिवाय मेंदूतले लांबवर गेलेले तंतू ताणले जातात, ते साध्या सीटी स्कॅनमध्ये बरेचदा दिसत नाहीत. मग नातेवाईक म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग ही नाटकं कसली?’ या वाक्याने किती घरं पोळली आहेत, ते मी पाहिलं आहे.

राग निदान दिसतो तरी. काही जण उलट गप्प होतात. सांगितल्याशिवाय आंघोळ नाही, हौस नाही, मुलांची चौकशी नाही. त्याचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून उपचाराला कुणी आणत नाही. घरात त्यांना आळशी म्हणतात. आणि आपण बदललो आहोत, हे बऱ्याच रुग्णांना स्वतःला उमगतच नाही.

अशा बदलाची एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी फिनियस गेज या २५ वर्षांच्या रेल्वे मुकादमाच्या डाव्या गालातून सुरुंगाची दारू ठासायची पहार घुसली आणि टाळूतून बाहेर पडली. पहार साडेतीन फुटांहून लांब, वजन सुमारे सहा किलो. तो वाचला. डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलं : जबाबदार माणूस उतावळा, शिवराळ झाला, आज एक बेत तर उद्या दुसरा, ओळखीचे म्हणत, हा तो गेज नव्हे. गोष्ट बहुधा इथेच थांबवतात, त्याचं मला वाईट वाटतं. कारण १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि काही वर्षं त्याने तिथे प्रवासी घोडागाडी हाकली. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता. त्या शिस्तीनेच तो पुष्कळ सावरला असावा, असं काही अभ्यासक मानतात. १८६० मध्ये फिट्स येऊन तो गेला.

घरात करायचं तेही याच वाटेचं. एका वेळी एकानेच बोलावं. भडका उडाला की वाद न घालता बाजूला व्हावं, बोलणं मागाहून. झोप सांभाळावी, दारू पूर्ण बंद. औषधं मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. मात्र वागणं अचानक बिघडलं, सोबत डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी असेल, तर त्याला स्वभाव न समजता तडक रुग्णालय गाठावं.

त्या बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दिवसाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्या आहेत. साडेसहाला चहा, सातला फिरणं, आठला आंघोळ. कुकर आता ते फिरायला बाहेर पडले की लागतो.