पांढुर्ण्याचे आकाश आणि सोनेगावची वाट

दिल्लीच्या विमानतळापासून चेन्नईच्या विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलावर जी सर्वांत आखूड रेषा काढता येते, तिची लांबी सुमारे १,७६० किलोमीटर भरते; आणि सातपुडा ओलांडून दक्षिणेस उतरताना ती पांढुर्ण्याच्या जवळजवळ माथ्यावरून जाते, ही गोष्ट तेथील संत्र्यांच्या बागांत राबणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांच्या कानांवर आली असेल. त्याच दोन शहरांना जोडणारा लोहमार्गही याच गावातून जातो, परंतु डोंगर, नद्या आणि मोठी स्थानके यांची मर्जी सांभाळता सांभाळता त्याचे अंतर २,१८० किलोमीटरांच्या घरात पोहोचते.

विमानाच्या अंतराचा हिशेब असा सरळ असला, तरी वेळेचा तसा नाही. नागपूरचा सोनेगाव आणि मुंबईचा सांताक्रूझ या विमानतळांमधले अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने ते तासाच्या आत कापले जावे. पण वेळापत्रकात सहसा दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक काळ लिहिलेला आढळतो, कारण विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, उंची गाठेपर्यंतची चढण आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याची पाळी येईपर्यंतच्या घिरट्या, ही सर्व त्यात आली. शिवाय हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेचे प्रबल वारे वाहतात. ते नागपुरास येणाऱ्या विमानाला मागून रेटतात आणि मुंबईस जाणाऱ्याला समोरून अडवतात, त्यामुळे एकाच अंतराला जाताना अधिक वेळ लागतो आणि येताना कमी.

या मुलखाच्या आकाशाला विमानाची ओळख जुनीच आहे. १९४९ साली टपालाची रात्रसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या ठाण्यास परतत. चारही शहरे नागपूरपासून सुमारे सातशे ते हजार किलोमीटरांच्या टप्प्यात असल्यामुळेच ही सुंदर योजना साधली. पांढुर्णा तेव्हा ज्यात होते, त्या छिंदवाडा जिल्ह्याची राजधानीही त्या काळी नागपूरच होती. १९५६ साली ती भोपाळला गेली आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन शेजारचे सौंसर त्यात आले. परंतु सरकारी हद्दी बदलल्या म्हणून भूगोल बदलत नाही : सरळ रेषेत भोपाळचा विमानतळ पांढुर्ण्यापासून सव्वादोनशे किलोमीटर, तर सोनेगाव अवघे ऐंशी.

माझे ठाम मत आहे, की विमानप्रवासाचे खरे अंतर प्रवाशाच्या उंबरठ्यापासून मोजले पाहिजे. पांढुर्ण्याहून सोनेगावपर्यंतची सडक शंभर किलोमीटरांच्या आसपास, सौंसरहून त्याहून थोडी कमी; आणि विमानतळ शहराच्या दक्षिण अंगास असल्यामुळे सावनेरकडून येणाऱ्यास सारे नागपूर ओलांडावे लागते, तेथेच पुष्कळांचा अंदाज चुकतो. सामान घेण्याची खिडकी उड्डाणापूर्वी तासभर बंद होते, ही अट कोणासाठीही शिथिल होत नाही. तेव्हा सकाळी नऊचे मुंबईचे विमान असेल, तर पांढुर्णेकरांनी तिकिटावरच्या दीड तासावर विसंबून न राहता पहाटे पाचाला घर सोडावे. सौंसरकरांनी साडेपाचाला निघाले तरी चालेल.