बुद्धिबळात आपण नेमके कुठे हरतो?

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून वस्तीतले पालक विचारतात, पोराला क्लास लावायचा का? फी परवडत नाही म्हणून अनेकांचा पट तिथेच गुंडाळला जातो. माझे मत असे की पहिले सहा महिने क्लासची गरज नाही. नवखा खेळाडू ज्या चुकांनी हरतो, त्या विहाराच्या ओट्यावर बसून सुधारता येतात.

एक शंका आधी दूर करू. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात आठ आणि दहा घरांच्या पटावरील खेळांचा उल्लेख येतो, तो श्रमणांनी टाळायच्या गोष्टींत. उपासकाच्या पंचशीलात तो नाही.

आता मुद्द्यावर. सुरुवातीचे बहुतेक डाव मोहरा फुकट दिल्याने जातात. आपण आपल्या हल्ल्यात रमतो आणि समोरच्याची चाल पाहतच नाही. एक नेहमीचा डाव घ्या. दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे चालवले. पांढऱ्याने उंट सी४ वर आणला, काळ्याने घोडा सी६ वर. पांढऱ्याचा वजीर एच५ वर आला. काळा खुशीत दुसरा घोडा एफ६ वर काढून वजिरावर हल्ला करतो, आणि वजीर एफ७ चे प्यादे मारून मात देतो. त्या प्याद्याला राखणारा एकटा राजा होता. वजिरामागे उंटाचा जोर असल्याने राजाला वजीर मारता येत नाही. घोड्याऐवजी जी६ वर प्यादे सरकवले असते तर वजिराची वाट अडली असती. मग तो एफ३ वर येऊन पुन्हा एफ७ कडे पाहतो. आता मात्र एफ६ वर घोडा काढणे बरोबर.

म्हणून चाल करण्याआधी हात मांडीवर ठेवा आणि विचारा: त्याला शह देता येतो का, काय मारता येते, आताची चाल त्याने कशासाठी केली? (इथे सतीवर प्रवचन द्यायचा मोह होतो, तो आवरतो.) विहारात खेळतानाही ‘हात लावला तो मोहरा चालवायचा’ हा स्पर्धेचा नियम पाळाच. चाल परत घेऊ दिली तर ही सवय लागत नाही.

अदलाबदलीत हिशेब ठेवा: प्यादे १, घोडा व उंट ३, हत्ती ५, वजीर ९. किल्लेकोट लवकर करा, पण राजापुढची तिन्ही प्यादी जागच्या जागी राहिली तर शेवटच्या ओळीत हत्ती येऊन मात देतो. वेळ मिळताच कडेचे प्यादे एक घर सरकवून राजाला खिडकी ठेवा. गावाकडे राजाला एकदा घोड्याची उडी देतात. स्पर्धेत ती चालत नाही, हे मुलांना आधीच सांगा.

मोबाइलवर एक मिनिटाचे डाव खेळून चुका पक्क्या होतात. किमान पंधरा मिनिटांचा डाव खेळा. लीचेस हे संकेतस्थळ मोफत आहे, जाहिराती नाहीत, कोडीही भरपूर आहेत. पण सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे वही. हरलेल्या डावाच्या चाली लिहा आणि पहिला मोहरा फुकट कुठे गेला तिथे खूण करा. दहा डावांनंतर वही उघडली की खुणा बहुधा एकाच प्रकारच्या चुकीवर दिसतात. पुढचा आठवडा तेवढ्या एकाच चुकीवर काढायचा.